बारा टॅपेटं आणि साडूचं नाक

आमच्या ट्रकचं इंजिन फुटलं ते भांडगावच्या पुढं, भर दुपारी, सरकी पेंडीची पोती पाठीवर असताना. आधी बारीक टकटक आली. मी टेपचा आवाज वाढवला. टकटक वाढली, मी टेप आणखी वाढवला. मग बॉनेटखाली कुणीतरी घण घेऊन उतरल्यासारखे ठोके सुरू झाले. शेवटचा दणका असा बसला, की पायाखालचा पत्रा उडून माझ्या नडगीवर आला आणि गाडी काळा-पांढरा धूर ओकत बाभळीखाली जाऊन उभी राहिली. समोरच्या ढाब्यावरची माणसं ताटावरून उठून पळाली. एक जण लांबून ओरडून विचारत होता, "मेला का वाचला?" तो माझ्याविषयी विचारत होता. मी इंजिनाविषयी समजून "मेला" म्हणालो.

ओढत ओढत गाडी यवतला आमच्या मिस्त्रीकडं नेली. हा मिस्त्री अंगानं काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा, आवाज देवळातल्या पुजाऱ्यासारखा मऊ. पण त्याला एक सवय होती. तो बोलता बोलता मारायचा. रागानं नाही, आपण लिहिताना स्वल्पविराम देतो तसा. हातात जे असेल, म्हणजे पाना, फडकं, फॅनबेल्ट, त्याचा एक फटका वाक्याच्या मध्ये आणि एक शेवटी. आमच्या पट्ट्यातले बहुतेक गाडीमालक त्याच्याशी दोन हात लांबून बोलायचे, आणि तरी गाडी त्याच्याकडंच आणायचे, कारण त्यानं बांधलेलं इंजिन मालक थकला तरी थकत नसे.

त्यानं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं आणि तो आत डोकावला. मीही डोकावलो. कत्तल झाली होती. कॅमशाफ्टाचे दोन तुकडे. तो मोडल्यावर व्हॉल्व्ह जिथल्या तिथं उघडे अडकले आणि खालून वर येणारे पिस्टन त्यांच्यावर जाऊन आदळले. दोन पिस्टनच्या टाळक्यात भोकं पडली होती, पुशरॉड कोयत्यासारखे वाकले होते, आणि एका व्हॉल्व्हची मुंडी धडावेगळी होऊन पिस्टनमध्ये उलटी रुतली होती. ब्लॉक तेवढा वाचला होता.

"टकटक कवापासनं येत हुती, मालक?" मिस्त्रीनं विचारलं.

"आजच."

माझ्या दंडावर फॅनबेल्ट बसला. "कवापासनं?"

"गणपतीपासून," मी म्हणालो.

गणपती उठून पंधरा दिवस झाले होते. दसऱ्यानंतर आठवड्याभरात साखर कारखान्याची मोळी पडायची होती, म्हणजे हंगामातला पहिला ऊस गाळपाला जायचा होता. आमच्याकडचा नियम साधा: मोळीच्या दिवशी ज्याची गाडी चालू हालतीत गेटवर उभी, त्याला हंगामभर ऊस ओढायचं काम. ज्याची नाही, त्याची ऊसतोड टोळी दुसऱ्या गाडीला जोडून द्यायची, आणि त्यानं उन्हाळ्यापर्यंत घरी बसून मिशा पिळायच्या. माझी गाडी एकच. मिशाही फारशा नव्हत्या.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गास्केट हे सगळं दौंडच्या दुकानात मिळालं. अडलं कॅमशाफ्टाशी. आमचं मॉडेल जुनं; कंपनीनं ते कधीच बंद केलेलं. दुकानदारानं मागच्या खोलीतून एक शाफ्ट आणला. चकचकीत, नव्या नवरीसारखा. मी खूश होऊन तो यवतला आणला. मिस्त्रीनं कानस घेतली आणि त्याच्या एका उंचवट्यावर हलकेच घासली. लोखंडाचा बारीक भुसा पडला.

"कानस चावली," तो मऊ आवाजात म्हणाला. "खरा शाफ्ट आसंल तर कानस निसटती, चावत न्हाई. ह्यो लोण्याचा हाय." आणि त्यानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून ऐरणीवर आपटला. शाफ्टाचे तीन तुकडे झाले. एक तुकडा माझ्या कानाजवळून हायवेच्या दिशेनं गेला. कानशीची मूठ माझ्या डोक्यात टणकन वाजली, तो पूर्णविराम.

मग त्यानं मला बसवून शिकवणी घेतली. ती मी आजही झोपेत म्हणू शकतो. कॅमशाफ्ट म्हणजे दोन हात लांब दांडा, त्यावर बारा उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट बसतं. टॅपेट म्हणजे सपाट बुडाचा, अंगठ्यापेक्षा थोडा जाड लोखंडी ठोकळा. शाफ्ट फिरला की उंचवटा टॅपेटाला खालून ढुसणी देतो, टॅपेट वर उडतं, पुशरॉडला ढकलतं, व्हॉल्व्ह उघडतो. मिनिटाला शेकडो ढुसण्या, वर्षानुवर्षं.

"ह्या बारा कुस्तीच्या जोड्या समजा," मिस्त्री म्हणाला. "रोज त्योच गडी, त्योच डाव. एकमेकाला घासून घासून दोघंबी एकमेकाच्या मापाचे झाल्यात. तवा जुना शाफ्ट घेतला तर त्याचीच टॅपेटं घ्यायची आन् ज्याच्या त्याच्या जागंवरच बसवायची. पाचव्याचं सातव्यावर बसवलं तर दोघं एकमेकाला खाऊन टाकत्यात. म्हयना न्हाई लागत. नवा शाफ्ट तर टॅपेटंबी नवी. तिसरा रस्ता न्हाई. कळलं?"

कळलं म्हणून मी मान हलवली, आणि तरीही फडकं बसलं.

शिरूरला भंगाराच्या एका वाडग्यात, म्हणजे कुंपणाच्या आवारात, आमच्याच मॉडेलचा अपघातातला ट्रक खोलायला घेतलाय, अशी बातमी लागली. मी सकाळच्या एसटीनं चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलं. वाडग्याच्या मालकानं, खांद्यावर दोरखंड टाकलेल्या एका आडव्या अंगाच्या माणसानं, काम चोख केलं होतं. कॅमशाफ्ट गोणपाटावर निजवलेला, आणि शेजारी अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बारा टॅपेटं ओळीनं, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. मी खिशातली कानस काढून शाफ्टावर घासली. सुर्रकन निसटली. मी शाफ्टाचं एक टोक धरून उचललं, तर दुसरं टोक उचलेना. त्या टोकाला माझे साडू होते.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरूरच्याच बाजूचे, आमच्याच कारखान्याला ऊस ओढणारे, आणि गाडीही त्याच मॉडेलची. गडी पैलवानी अंगाचा, लग्नात मला मिठी मारून ज्यांनी माझी बरगडी दुखावली होती तेच.

"राम राम पाव्हणं," ते म्हणाले आणि शाफ्ट आपल्याकडं ओढला.

"राम राम. तुमची गाडी तर चालू हाय की," मी म्हणालो आणि माझ्याकडं ओढला.

"टकटक यायलीय. घिऊन ठेवतो, पुढं लागंल."

"मला आत्ता लागतोय. माझी उघडी पडलीय."

"तुमची उघडी पडली त्यात माझा काय गुन्हा? टेप मोठा करून गाडी हाकायची म्हंजी हे व्हणारच." ही बातमी शिरूरपर्यंत कशी पोचली, हे मी बायकोला नंतर विचारलं. तिनं चुलीत फुंकर घातली.

तर ओढाओढ सुरू झाली. ते मला गोणपाटावरून ओढत रेडिएटरच्या ढिगापर्यंत नेत, मी टाचा रोवून त्यांना परत आणी. शाफ्टाचे उंचवटे तळहातात रुतत होते, माझ्या बोटांतून रक्त येऊ लागलं. वाडग्याचा मालक मध्ये पडला तो सोडवायला नाही, शाफ्ट वाचवायला. "मोडंल, मोडंल," म्हणत त्यानं दोरखंडाचा फटका आधी साडूंच्या पाठीवर आणि मग, कुणावर अन्याय नको म्हणून, माझ्या पाठीवर मारला. साडूंनी मान खाली घालून माझ्या मनगटाचा चावा घेतला. तेव्हा मी जे केलं ते मी ठरवून केलं नाही, पण ते मला अजून सविस्तर आठवतं. मी कोपर मागं घेतला आणि साडूंच्या नाकावर दिला. कडक आवाज आला. साडू शाफ्ट सोडून टायरांच्या राशीवर बसले आणि दोन्ही हातांनी नाक धरून माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. मी पैसे मोजून दिले, शाफ्ट काखेत आणि ट्रे छातीशी धरून स्टँडकडं धावलो.

एसटीत कंडक्टरनं शाफ्टाकडं पाहिलं, मग माझ्या सदऱ्याकडं.

"रगात कुणाचं?"

"थोडं माझं, थोडं साडूचं."

"सामानाचं तिकीट लागंल," तो म्हणाला.

मिस्त्रीनं शाफ्टाला कानस लावली, टॅपेटं एकेक करून उचलून परत त्याच खळग्यात ठेवली आणि मला पहिल्यांदाच न मारता म्हणाला, "बरं काम केलं." मग तो दसऱ्याला गावी गेला. जाताना सगळं सामान माझ्या घरी ठेवून गेला. त्याचं म्हणणं, चोरी झाली तर चोर ओळखीतला असावा.

आता खंडेनवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा असते. कोयते, पाने, जॅक, नांगराचा फाळ, सगळं धुऊन मांडायचं. त्या वर्षी माझी भक्ती उतू चालली होती. इंजिन बांधून होणार, मोळीला गाडी उभी राहणार, मग पुजायचं तर काही मागं कशाला ठेवायचं? मी पाने रॉकेलनं धुतले. शाफ्ट धुतला. आणि ट्रेमधली बारा टॅपेटं पातेल्यात ओतली, रॉकेल घातलं, खळखळून हलवली, जुन्या धोतरानं पुसून अशी लखलखीत केली की त्यांत माझा चेहरा दिसावा. पाटावर मध्ये शाफ्ट, त्याच्याभोवती टॅपेटांचं कडं, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. पाटापुढं कोंबडा कापला, नारळ फोडला. शेजारपाजारचे येऊन म्हणाले, अशी पूजा गावात झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बायको पाट आवरायला बसली. एका हातात अंड्याचा ट्रे, एका हातात टॅपेट.

"ह्यातलं पहिलं कुठलं?" तिनं विचारलं.

मी पाटाकडं पाहिलं. बारा टॅपेटं. बारा जुळी भावंडं. मी एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. बायको माझ्याकडं बघत होती. तिला मिस्त्रीची शिकवणी माहीत होती. मी तिला जेवताना अभिनयासह ऐकवली होती.

"ठेव कशीबी," मी म्हणालो. "मिस्त्रीला काय कळतंय."

दोन दिवसांनी मिस्त्री परत आला, मी सामान यवतला नेलं आणि बांधणी सुरू झाली. पिस्टन बसले, शाफ्ट सरकला. ऊसतोडीची टोळी गावात येऊन पोचली होती, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. मोळीला चार दिवस उरले. मिस्त्रीनं ट्रे जवळ ओढला, पहिलं टॅपेट उचललं आणि चष्म्याजवळ नेलं.

"हळद?"

"पूजा केली."

"बरं केलं. ल्वाकाला बी मान पायजे." आणि मग अगदी सहज, "नंबर न्हाई ना हालवला?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं टॅपेटाच्या बुडाला अंगठ्यानं ऑइल चोळलं, लहान लेकराच्या पायाला तेल लावतात तसं, आणि ते पहिल्या जागेत सोडलं. दुसरं. तिसरं. "मालक, ह्ये इंजिन हंगाम काढंल. माझी मान लिहून देतो," तो म्हणाला. चौथं. मी हायवेवरच्या गाड्या मोजू लागलो. पाचवं. मला दिसायला लागलं: मी उसानं भरलेली गाडी घेऊन पारगावच्या पुलावर आहे, खाली भीमा आहे, आणि बॉनेटखाली टकटक सुरू झाली आहे. सहावं. मार आज खायचा की पुलावर, एवढाच प्रश्न उरला होता. सातव्याला ऑइल चोळत असताना मी म्हणालो, "मिस्त्री, नंबर हाललेत."

"कुठला?"

"सगळेच. पातेल्यात धुतले."

त्यानं चष्मा काढला. तो काढताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. मग लाकडी हातोडा आला. माझा खालचा एक दात त्या दिवसापासून नाही. जीभ अजून तिथं जाऊन बघून येते. मी मागं सरकलो तशी त्यानं आतली सहा टॅपेटं बाहेर काढली, उरलेली सहा घेतली आणि एकेक करून मला मारायला सुरुवात केली. नेम चांगला होता. मी टायराआड, मी पिंपाआड, मी शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याच्या आड. बारांतली पाच लागली. एक टपरीवाल्याला लागलं, त्यानं किटली फेकून उत्तर दिलं, ती मलाच लागली. आणि नवल म्हणजे एवढं सगळं होताना मिस्त्री एक शब्द बोलला नाही. तो खरोखर रागावला होता, तर मारताना बोलत नव्हता.

टॅपेटं संपली तेव्हा तो पायरीवर बसला.

"ही जुळवता न्हाई यायची?" मी पिंपामागून, तोंडातलं रक्त थुंकत विचारलं.

"देवाला सांगा जुळवायला. त्यालाच दाखवलीत न्हवं?" मग चष्मा परत चढवून, "नवा शाफ्ट, नवी टॅपेटं. तुमच्या साडूनं सोलापुराकडनं मागवल्यात. पॅकबंद. शिरूरचा मिस्त्री सांगत हुता."

साडूंच्या दारात मी दुसऱ्या दिवशी सकाळी उभा होतो. ते ओसरीवर बसून चहा पीत होते. नाक अजून सुजलेलं, आणि थोडं डावीकडं वळलेलं. ते पुढं कायमच तसं राहिलं. मेव्हणीनं मला पाहून पदर तोंडाला लावला. माझा गाल भाकरीसारखा फुगला होता.

मी सगळं सांगितलं. पूजा सांगितली, पातेलं सांगितलं, टॅपेटं कशी चुकवली ते उठून करून दाखवलं. मेव्हणी भिंतीकडं तोंड करून हसत होती. साडू हसले नाहीत.

"म्हंजी मोळीला गाडी न्हाई तुमची."

"न्हाई. तुम्ही शाफ्ट दिला तर हाय."

"आन् माझी टकटक?"

"तुमची हंगाम काढंल."

"तुम्ही सांगताय ह्ये? टेप लावून?" ते उठले. आत जाऊन एक लांब खोका आणि एक लहान खोका घेऊन आले, ओसरीवर ठेवले. मी हात पुढं केला, तर त्यांनी खोक्यावर पाय ठेवला.

"किंमत हाय तीच द्या. वर एक द्यायचं राहिलंय."

मला समजलं. मी मेव्हणीकडं पाहिलं. ती हसायची थांबली होती, पण मध्ये पडली नाही. उलट चहाची कपबशी उचलून जरा बाजूला झाली.

"नाक सोडून," मी म्हणालो.

"नाकच."

"दात गेलाय आधीच. कान घ्या."

"पाव्हणं, हितं काय भाजी निवडायलोय का?"

मी अंगणात उभा राहिलो, हात मागं बांधले, डोळे मिटले. साडूंनी दोन पावलं मागं घेतल्याचा आवाज आला. पैलवान माणूस. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी एक डोळा उघडला, आणि नेमका तेव्हाच तो आला. उघड्या डोळ्यावर. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो, खुराडं मोडलं, कोंबड्या माझ्या अंगावरून ओरडत गेल्या. साडू आपली मूठ चोळत म्हणाले, "डोळा उघडायचा न्हवता. मी सोडून देनार हुतो."

हे खरं की खोटं, मला आजवर कळलेलं नाही.

एका डोळ्यानं एसटी पकडणं जमेना, तेव्हा साडूंनीच मला आणि दोन्ही खोक्यांना आपल्या ट्रकमध्ये घातलं आणि यवतला आणलं. सगळ्या वाटेनं त्यांच्या इंजिनाची टकटक ऐकू येत होती. दोघांनीही तिचा विषय काढला नाही.

मिस्त्रीनं खोका फोडला, ग्रीस पुसलं, कानस लावली. निसटली. मग त्यानं माझा डोळा पाहिला, साडूंचं नाक पाहिलं आणि विचारलं, "आता मला काय मारायला ठेवलंय का न्हाई?"

पुढचे दोन दिवस आम्ही तिघांनी काम केलं. नवा शाफ्ट पहिल्यांदा चालू करताना एक गोष्ट सांभाळावी लागते: इंजिन मंद ठेवायचं नाही. पहिली वीस मिनिटं जोरात, एकसारखं पळवायचं, म्हणजे उंचवट्यांवर ऑइल उडत राहतं आणि नव्या जोड्या एकमेकांवर बसतात. मध्ये बंद पडलं, तर झालं ते सगळं वाया. मिस्त्री स्वतः केबिनमध्ये चढला. मोळीच्या आदल्या दुपारी त्यानं स्टार्टर मारला. इंजिन खाकरलं, एकदा उलटं गुरगुरलं आणि पेटलं. त्यानं पाय दाबला. टपरीचा पत्रा थरथरायला लागला, टपरीपुढची कुत्री पळाली, काळा धूर आमच्या तिघांच्या तोंडावर आला. साडू ऑइलचा डबा घेऊन बॉनेटपाशी, मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत. आठव्या मिनिटाला कुणीतरी येऊन कानात ओरडलं की आवाज बंद करा, घरात म्हातारं माणूस आजारी आहे. साडूंनी त्याला एका हातानं उचलून रस्त्याच्या पलीकडं ठेवलं आणि परत डबा धरला. वीस मिनिटं झाली. मिस्त्रीनं पाय हळूहळू सोडला. धडधड खाली आली, गुरगुर झाली आणि मग बारीक, गोल, एकसारखी घरघर उरली. त्यात टकटक नव्हती. मिस्त्री खाली उतरला, माझ्याजवळ आला, हात उचलला. मी डोकं झाकलं. त्यानं माझ्या सदऱ्याला हात पुसला.

मोळीच्या दिवशी गेटवर गाड्यांची रांग लागली होती. बॉनेटांवर हार, आत नारळ. कारखान्याचा मुकादम वही घेऊन प्रत्येक गाडी चालू करून बघत येत होता. माझ्यापुढं दोन गाड्या सोडून साडूंची गाडी उभी होती. त्यांची पाळी आली, त्यांनी चावी फिरवली. टकटक सगळ्या रांगेला ऐकू आली. मुकादमानं मान वर केली, थोडा थांबला आणि नंबर लिहिला. माझ्याकडं आला. मी चावी फिरवली. त्यानं आवाजाकडं कान दिला नाही, नुसती खूण केली आणि पुढं गेला. माझाही नंबर वहीत पडला.

तेवढ्यात साडू आपल्या गाडीतून उतरून मागं येताना दिसले. मी घाईघाईनं खाली उतरलो, अंतर ठेवून उभा राहिलो. त्यांनी माझं बॉनेट उघडलं, वाकून कान आत घातला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले, सासरी दिलेल्या लेकीच्या दारात बाप उभा राहतो तसे.

"बरी नांदतीय," ते म्हणाले. बॉनेट लावलं, जाता जाता माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी बॉनेटवर जाऊन पडायचा राहिलो, आणि रांग पुढं सरकली म्हणून आपल्या टकटक करणाऱ्या गाडीकडं धावले.